कॅन्सर त्वचेत उतरतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्ह्याच्या गावी त्वचारोगाची ओपीडी चालवते. दिवस गजकर्ण, खरूज, कोड आणि केसगळतीत जातो. पण अधूनमधून असं कुणी येतं की अंगावरची गाठ किंवा चट्टा हा त्वचेचा आजार नसतोच, आतल्या कुठल्यातरी अवयवाचा कॅन्सर तिथे वर आलेला असतो. अशा वेळी घरची माणसं जे प्रश्न विचारतात, काही समोर बसून आणि बरेचसे पेशंटला बाहेर पाठवून दाराशी उभं राहून, ते इथे मांडले आहेत.

त्वचेतली ‘सेकंडरी’ म्हणजे त्वचेचा कॅन्सर का?

नाही. त्वचेचा कॅन्सर त्वचेच्याच पेशींत सुरू होतो. सेकंडरीमध्ये मूळ आजार स्तन, फुफ्फुस, आतडं, मूत्रपिंड, बीजांडकोश अशा दुसऱ्या अवयवात असतो. तिथल्या पेशी रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून (लसिका हा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) वाहत येतात आणि त्वचेत रुजतात. डॉक्टर याला मेटास्टॅसिस म्हणतात. त्वचेतल्या त्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की दिसतात त्या स्तनाच्या किंवा फुफ्फुसाच्या पेशी. पेशी कुठेही नांदायला गेली तरी तिचं माहेर बदलत नाही. म्हणून उपचारही मूळ अवयवाच्या कॅन्सरचेच द्यावे लागतात.

तोंडाचा कॅन्सर वाढत वाढत गालाची कातडी फोडून बाहेर येतो, ते आपल्याकडे फार दिसतं. काटेकोर अर्थाने ती सेकंडरी नव्हे, ती शेजारून थेट झालेली वाढ आहे. दोन्हींचा उपचार वेगळा ठरू शकतो, म्हणून हा फरक डॉक्टरांना विचारून घ्यावा.

हे कितीजणांना होतं?

यकृत, हाडं, फुफ्फुस यांच्या मानाने त्वचेत कॅन्सर कमी वेळा जातो. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ७३१६ कॅन्सर रुग्णांपैकी ३६७ जणांच्या त्वचेपर्यंत आजार पोचलेला आढळला, म्हणजे साधारण ५ टक्के. त्यातल्या ५९ जणांमध्ये त्वचेवरची खूण हीच कॅन्सरची पहिली चाहूल होती.

५९ हा आकडा छोटा वाटेल. मला तो छोटा वाटत नाही. ती माणसं ‘एवढीशी गाठ आहे, बघा जरा’ म्हणून कुणाकडे तरी गेली असणार, आणि समोरच्याने ती गाठ बघितली की नुसतं मलम लिहून दिलं, यावर त्यांचं पुढचं सगळं ठरलं असणार.

कुठल्या कॅन्सरमध्ये जास्त? आणि अंगावर कुठे?

बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर सगळ्यांत पुढे, आणि बऱ्याच अंतराने. पुरुषांमध्ये फुफ्फुस आणि मोठं आतडं. तंबाखूमुळे आपल्याकडे तोंड आणि घशाच्या कॅन्सरचे रुग्ण इतके आहेत की त्यांच्या त्वचेतल्या गाठीही वरचेवर पाहायला मिळतात.

जागा बहुधा मूळ अवयवाच्या आसपासची असते. स्तनाचा कॅन्सर छातीच्या कातडीवर, ऑपरेशनच्या व्रणावर किंवा व्रणाच्या बाजूला. पोटातले कॅन्सर पोटाच्या कातडीवर आणि बेंबीत. तोंडाचे मानेवर आणि चेहऱ्यावर. फुफ्फुसाचा छाती, पाठ, दंड असा कुठेही. टाळूची कातडी मात्र लांबची असूनही वारंवार सापडते, कारण तिथे रक्तपुरवठा भरपूर. मूत्रपिंड, फुफ्फुस आणि स्तन, तिन्हींच्या गाठी डोक्याच्या कातडीत येतात. केसांखाली झाकलेल्या राहतात आणि पहिल्यांदा लागतात त्या न्हाव्याच्या नाहीतर तेल लावणाऱ्या लेकीच्या बोटांना.

दुर्बिणीने पोटाचं ऑपरेशन करताना जी छोटी भोकं पाडतात, त्या जागीही गाठ येऊ शकते. पित्ताशय खडे म्हणून काढलं आणि तपासणीत त्यात कॅन्सर निघाला, असं झालं असेल तर ते व्रण दर भेटीत डॉक्टरांना हात लावून तपासायला सांगा.

ही गाठ दिसते कशी?

एकच चेहरा असता तर काम सोपं होतं. सर्वांत नेहमीचं रूप म्हणजे कातडीत किंवा कातडीखाली टणक गोळी. कच्च्या बोरासारखी, कडक, कातडीच्या रंगाची, लालसर किंवा जांभळट. एक असते किंवा एकमेकींच्या जवळ पाचसात. काही आठवड्यांत झपाट्याने वाढते आणि मग तिथेच थांबल्यासारखी वाटते. हे थांबणंच फसवं. ‘वाढत नाहीये म्हणजे साधीच असेल’ असं समजून लोक घरी बसतात.

पण गोळीशिवायची रूपं जास्त चकवतात, आणि त्यात डॉक्टरही चकतात. छातीवरची कातडी लाल, गरम, सुजलेली, कडेला ठळक रेघ असलेली. बघणाऱ्याला वाटतं, धावरं आहे, म्हणजे कातडीत जंतूंची लागण. अँटिबायोटिकचा एक कोर्स होतो, दुसरा होतो, लाली हलत नाही. ताप नाही, रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत. कॅन्सरच्या पेशींनी कातडीतल्या लसिकावाहिन्या तुंबवलेल्या असतात. धावरं म्हणून दहा-बारा दिवस औषध घेऊनही ज्या बाईच्या छातीची लाली उतरली नाही, तिच्या कातडीचा तुकडा तपासलाच पाहिजे, या मताची मी आहे.

दुसरं रूप म्हणजे छातीची कातडी हळूहळू जाड, घट्ट, चामड्यासारखी होत जाते. दीर्घ श्वास घेताना आवळल्यासारखं वाटतं. वेल्पो या फ्रेंच शल्यविशारदाने १८३८ मध्ये त्याचं वर्णन करताना चिलखताची उपमा दिली, आणि ज्याने अशी छाती हाताने चाचपली आहे त्याला ती तंतोतंत पटते.

तिसरं रूप नागिणीचं. एक काकू आल्या होत्या, ‘नागीण उठलीये, मंत्र घालून झाला, आता औषध द्या’ म्हणत. डाव्या बाजूला, बरगडीच्या रेषेत, बारीक लाल उंचवट्यांचा पट्टा. लांबून नागीणच. पण नागिणीची जी आग होते, जी आपल्या बायका ‘निखारा ठेवल्यासारखं’ म्हणून सांगतात, ती नव्हती. पाणी धरलेले फोडही नव्हते. बोटाला लागत होते ते टणक कण. शिवाय पट्टा दोन महिने जागचा हलला नव्हता, आणि नागीण दोन-तीन आठवड्यांत खपली धरते. मी पदर पूर्ण बाजूला घ्यायला सांगितला, तेव्हा दिसला ऑपरेशनचा जुना आडवा व्रण. आठ वर्षांपूर्वी स्तन काढलेला. त्यांनी तो सांगितला नव्हता, कारण ‘ते झालं ते संपलं, त्याचा या नागिणीशी काय संबंध?’

आणखीही आहेत. डोक्यात एकाच जागी चाईसारखा केस गेलेला गुळगुळीत पण कडक चट्टा. मूत्रपिंडाच्या कॅन्सरची लालभडक, धक्का लागला की रक्त येणारी मांसल गाठ, जी रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठीसारखी दिसते. जांभळे ठिपके आणि फुटल्यासारख्या बारीक रक्तवाहिन्या. काळपट गाठ. व्रणावर वाढलेला, केलॉइडसारखा दिसणारा उंचवटा.

बेंबीत गाठ आलीये. हर्निया असेल ना?

असेलही. हर्निया बहुधा मऊ असतो, खोकल्यावर फुगतो, आडवं पडल्यावर आत जातो. बेंबीतली गाठ कडक असेल, दाबून आत जात नसेल, तिच्यावर चीर पडून पाणी किंवा रक्त येत असेल आणि सोबत भूक मंदावली असेल, वजन उतरलं असेल, पोट फुगत असेल, तर पोटाची सोनोग्राफी आणि गाठीची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. जठर, मोठं आतडं, स्वादुपिंड आणि बायकांमध्ये बीजांडकोश यांचे कॅन्सर बेंबीत डोकं वर काढतात.

या गाठीला जगभर ‘सिस्टर मेरी जोसेफ गाठ’ म्हणतात. मेरी जोसेफ डेम्प्सी या अमेरिकेत मिनेसोटातल्या रोचेस्टर गावी सेंट मेरीज रुग्णालयात डॉ. विल्यम मेयो यांच्या शस्त्रक्रियेतल्या मदतनीस होत्या. ऑपरेशनआधी पेशंटचं पोट धुऊन स्वच्छ करताना त्यांच्या हाताला कळलं, की बेंबीत अशी गाठ असली की आत कॅन्सर पसरलेला निघतो. मेयोंनी १९२८ मध्ये त्याबद्दल लिहिलं. सिस्टर १९३९ मध्ये वारल्या. त्यांचं नाव या खुणेला दिलं हॅमिल्टन बेली या इंग्रज शल्यविशारदाने, १९४९ मध्ये. पोट धुणाऱ्या हातांनी लावलेला शोध आहे हा. पेशंटला आंघोळ घालणाऱ्या मुली, सुना, नर्स, आया यांना मी हा किस्सा आवर्जून सांगते, कारण त्यांच्या हाताला जे लागतं ते कित्येकदा आम्हाला दिसत नाही.

दुखत तर नाही. मग काळजी कशाला?

त्याच कारणासाठी. गळू दुखतं, कारण त्यात पू आणि जंतू असतात. सेकंडरीची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही. न दुखणारी, नवी, कडक गाठ ही दाखवायचीच गाठ.

मग चरबीची गाठ वेगळी कशी ओळखायची?

चरबीची गाठ म्हणजे लायपोमा मऊ असतो, बोटाने ढकलला की कातडीखाली सरकतो, वर्षानुवर्षं तसाच असतो. केसपुळीची म्हणजे सिस्टची गाठ पाहिली तर मधोमध बहुधा काळा ठिपका असतो. सेकंडरी कडक, कातडीला धरून बसलेली आणि अलीकडची. पण हे घरच्या घरी निकाल लावण्यासाठी सांगत नाही. मी स्वतः बोटांनी चाचपून ‘लायपोमा’ म्हटलेल्या गाठी तपासणीत वेगळ्या निघाल्या आहेत. कॅन्सर होऊन गेला असेल, तर एक महिन्यापेक्षा जास्त टिकलेली कुठलीही नवी गाठ सुईने किंवा तुकडा काढून तपासावी.

पण त्वचेतच का? एवढे अवयव सोडून?

१८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. कॅन्सर जर नुसता रक्तासोबत वाहत जात असेल तर सगळ्या अवयवांत सारखा सापडायला हवा; प्रत्यक्षात यकृतात पुष्कळ आणि प्लीहेत अगदी थोडा. त्यांनी बी आणि जमिनीची उपमा दिली. बी चारी दिशांना उडतं, उगवतं मात्र त्याला मानवणाऱ्या जमिनीतच. शेतकऱ्याच्या घरात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. काही पेशींना त्वचेची जमीन मानवते. ती का मानवते याची रसायनं आता थोडीथोडी उलगडत आहेत. त्याखेरीज जवळचा मार्ग आहेच: लसिकावाहिन्या तुंबल्या की पेशी उलट्या वाटेने कातडीत शिरतात.

पेशंटने काय खाल्लं, व्रण खाजवला, देवाचं काही राहिलं, यातल्या कशानेही हे होत नाही.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असं सगळे सांगतात.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि याच भीतीने सर्वांत जास्त नुकसान होताना मी पाहिलं आहे. ‘लोखंड लागलं की चिडतो’ हे वाक्य गावोगाव आहे. त्यामागे पाहण्यातली एक चूक आहे. आपल्याकडे माणूस तपासणीला येतो तेव्हा आजार बहुतेक वेळा पुढे गेलेला असतो. तुकडा काढला, महिन्याभरात तब्येत ढासळली, की दोष चाकूला जातो. तब्येत ढासळायला सुरुवात झालेली असते ती चाकूच्या कितीतरी आधी.

यकृतासारख्या काही आतल्या अवयवांत सुईच्या वाटेवर पेशी राहिल्याच्या क्वचित नोंदी आहेत, आणि तिथे डॉक्टर त्या हिशेबानेच जपून पावलं टाकतात. त्वचेतल्या सेकंडरीला तो हिशेब लागूच होत नाही. पेशी आधीच वाहत येऊन इथे पोचलेल्या आहेत. त्यांना पसरायला आमच्या सुईची वाट बघावी लागलेली नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. गाठीच्या जागी बधिर करण्याचं इंजेक्शन, ते थोडं चुरचुरतं. मग पेन्सिलीच्या टोकाएवढ्या गोल पात्याने, साधारण ४ मिलिमीटरचा, कातडीचा खोल तुकडा. एक टाका, कधी दोन. वीस मिनिटांत माणूस चालत घरी जातो. तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत टाकून लॅबला पाठवतात. डबीवर पेशंटचं नाव आणि जागा लिहिली आहे ना, हे नातेवाइकांनी डोळ्यांनी पाहून घ्यावं. त्यात संकोच करू नका.

सुईने पेशी ओढून करायची तपासणी, म्हणजे एफएनएसी, त्याहून सोपी आणि स्वस्त. कातडीखालच्या गोळीला बरेचदा तेवढी पुरते. कातडी लाल किंवा जाड झाली असेल आणि गोळी नसेल, तर मात्र तुकडाच हवा.

रिपोर्टवर ‘आयएचसी करा’ लिहिलंय. हा आणखी खर्च कशासाठी?

पहिल्या रिपोर्टने कळतं की कॅन्सर आहे. तो कुठून आला हे बऱ्याचदा आयएचसीवरूनच ठरतं. तुकड्याच्या पातळ चकत्यांवर वेगवेगळी रंगद्रव्यं वापरून पेशींवरच्या ओळखीच्या खुणा शोधतात. टीटीएफ-१ ही खूण फुफ्फुसाकडे बोट दाखवते, गाटा-३ स्तनाकडे, सीडीएक्स-२ आतड्याकडे, पॅक्स-८ मूत्रपिंड किंवा बीजांडकोशाकडे. कुठलीच खूण एकटी शंभर टक्के खात्रीची नसते. दोन-चार मिळून चित्र बनतं. घामाच्या ग्रंथींचे कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली स्तनाच्या सेकंडरीसारखेच दिसतात, तो घोळही इथेच सुटतो.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये आणखी एक कारण आहे. ईआर, पीआर (या दोन हार्मोनच्या) आणि हर-२ या खुणा मूळ गाठीत एक आणि वर्षांनंतर त्वचेत आलेल्या गाठीत वेगळ्या असू शकतात. पूर्वी हर-२ नसलेल्या बाईच्या नव्या गाठीत हर-२ सापडला, तर औषधांचं वेगळंच दार उघडतं. म्हणून जुन्या रिपोर्टवर भागवू नका. खर्च करायचाच असेल तर या तपासणीवर करा, असं मी सांगते.

पेट स्कॅन स्वच्छ आहे. तरी त्वचेत काही असू शकतं?

असू शकतं. काही मिलिमीटरची पातळ गाठ स्कॅनच्या डोळ्यातून निसटते. डॉक्टरच्या डोळ्यातून निसटायला नको, पण त्यासाठी कपडे बाजूला करून उजेडात पाहावं लागतं. फॉलोअपच्या गर्दीत पेशंट साडी सावरून बसते, डॉक्टर फाइल चाळतात, आणि तपासणी राहते. तुम्ही स्वतः म्हणा: ‘छाती आणि काख बघून घ्या.’

केमो चालू आहे आणि अंगावर पुरळ आलंय. हेच का ते?

बहुतेक वेळा ते औषधाचं असतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये देतात त्या ईजीएफआर गटाच्या गोळ्यांनी पहिल्या दोनेक आठवड्यांत चेहऱ्यावर आणि छातीवर मुरमांसारखे फोड येतात. कॅपेसिटॅबिन या केमोच्या गोळीने तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. हे दोन्ही बाजूंना सारखं, खाजणारं किंवा दुखणारं असतं, आणि डोस कमी केला की उतरतं. एकाच बाजूला, कडक, न खाजणारं आणि केमो चालू असूनही वाढणारं काही असेल तर दाखवा. गोळ्या मनाने बंद करू नका.

शेक (म्हणजे रेडिएशन) दिलेल्या जागी किंवा स्तनाच्या ऑपरेशननंतर कायम सुजलेल्या हातावर, वर्षांनंतर, मार न लागता निळे-जांभळे डाग उठले तर तेही ताबडतोब दाखवायचं. तो रक्तवाहिन्यांचा वेगळाच कॅन्सर असू शकतो.

म्हणजे फोर्थ स्टेज. किती दिवस राहिले?

हा प्रश्न नेहमी दाराशी येतो, हळू आवाजात.

त्वचेत सेकंडरी म्हणजे आजार पसरलेला आहे, हे खरं. बहुतेकांमध्ये तो समूळ जात नाही, हेही खरं. पण ‘किती’ याचं उत्तर त्वचेकडे नसतं, मूळ कॅन्सरकडे असतं. फुफ्फुसाचा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर त्वचेत आला तर पूर्वीपासूनचा अनुभव महिन्यांचाच आहे. स्तनाचा कॅन्सर फक्त छातीच्या कातडीत आहे आणि यकृत, फुफ्फुस, मेंदू मोकळे आहेत, अशा बायका वर्षानुवर्षं जगतात, घर चालवतात, शेतावर जातात. त्यात हर-२ वरची औषधं, हार्मोनच्या गोळ्या, फुफ्फुसासाठी ईजीएफआर आणि एएलके वरच्या गोळ्या, काही कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपी यांनी जुने आकडे बदलले आहेत. इंटरनेटवरच्या जुन्या आकड्यावरून आपल्या माणसाचे दिवस मोजू नका. कॅन्सरच्या डॉक्टरांना नेमकं विचारा: मूळ कुठलं, आणखी कुठे आहे, औषध लागू पडेल अशी खूण आहे का?

गाठ कापून टाकली तर?

एकटीच असेल, त्रास देत असेल, तर काढतात. नुसती गाठ काढून आजार मात्र जात नाही. मुख्य उपचार अंगभर पोचणारा लागतो: केमो, हार्मोन, ठरावीक लक्ष्यावरच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं. ते लागू पडलं तर त्वचेतल्या गाठी डोळ्यांदेखत विरतात. त्वचेचा हा एक फायदा आहे, औषध चालतंय की नाही ते पेशंटला स्कॅनशिवाय दिसतं. दर पंधरा दिवसांनी, एकाच जागी उभं राहून, शेजारी मोजपट्टी धरून मोबाइलवर फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

रक्त येणाऱ्या किंवा दुखणाऱ्या गाठीला शेक देतात, कधी अवघ्या एक ते पाच बैठकांत. इलेक्ट्रोकेमोथेरपी नावाची पद्धत युरोपात रुळली आहे. ब्लिओमायसिन देऊन गाठीत विजेचे सूक्ष्म ठोके देतात, म्हणजे औषध पेशीत खोल शिरतं.

बिब्बा, लेप, डाग यांनी गाठ जळून जाते म्हणतात.

जळते ती वरची कातडी. बिब्ब्याच्या तेलाने खोल भाजतं. खाली गाठ तशीच राहते आणि वर न भरणारी जखम होते. बंद कातडीखालची गाठ आणि उघडी जखम यांत पेशंटच्या रोजच्या जगण्याचा केवढा फरक आहे, हे पुढचं उत्तर वाचल्यावर कळेल. लेपवाल्याकडे गेला असाल तर आम्हाला सांगा, आम्ही रागावणार नाही. काय लावलं ते कळलं तर जखम सावरता येते.

गाठ फुटलीये. वास इतका येतो की आई खोलीबाहेर येत नाही.

ही जखम भरेलच असं नाही, पण वास, पाणी, दुखणं आणि रक्त या चारही गोष्टी आटोक्यात आणता येतात. इतकी घरं हे मुकाट सोसताना पाहिली आहेत की हे थोडं सविस्तर लिहिते.

वास अस्वच्छतेमुळे येत नाही. गाठीच्या मधल्या भागाला रक्त मिळत नाही, तो मरतो, आणि त्यावर हवेशिवाय जगणारे जंतू वाढतात. त्यांच्यावर मेट्रोनिडॅझोल चालतं. त्याचं जेल मिळतं. मिळालं नाही तर गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकतात. प्रमाण आणि किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. दोन-चार दिवसांत वास उतरतो.

ड्रेसिंग रोज एकदा, पाणी जास्त असेल तर दोनदा. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात एक सपाट छोटा चमचा मीठ. जुनी पट्टी कधीही ओढून काढू नका, या पाण्याने भिजवून भिजवून ती आपोआप सुटू द्या. ओढली की रक्त आणि कळ, दोन्ही. जखम घासायची नाही, पाण्याची धार सोडायची. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज वापरू नका. जखमेला चिकटणार नाही अशी व्हॅसलिनची जाळी, वर पाणी शोषणारा जाड थर. विकतचा गॉझ रोज परवडत नाही. जुन्या धुतलेल्या सुती लुगड्याचे चौकोन करा, डब्यात घालून कुकरमध्ये वीसेक मिनिटं वाफवा, वाळवा, स्वच्छ डब्यात ठेवा. पाणी फार असेल तर वरून सॅनिटरी पॅडही चालतो. ड्रेसिंगआधी अर्धा तास दुखण्याची गोळी द्या.

रक्त आलं तर ओल्या गॉझने सलग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा, मधे उचलून बघू नका. ट्रॅनेक्झामिक ॲसिडमध्ये भिजवलेली पट्टी डॉक्टर सुचवू शकतात. पलंगाजवळ गडद रंगाचा टॉवेल ठेवा, लाल किंवा चॉकलेटी. पांढऱ्या टॉवेलवर थोडं रक्तही खूप दिसतं आणि माणूस घाबरतो.

जखमेत अळ्या दिसल्या तर घाबरू नका, लाजू नका आणि रॉकेल ओतू नका. दवाखान्यात त्या काढता येतात. नंतर माशा बसू नयेत म्हणून मच्छरदाणी लावा.

आणि आईजवळ बसा. वास कमी होईपर्यंत खिडकी उघडी ठेवा, पण बसा.

घरात लहान मुलं आहेत. लागण होते का?

होत नाही. मांडीवर बसू द्या, एका ताटात जेवू द्या. ड्रेसिंग करणाऱ्याने हातमोजे घालावेत ते जखमेतल्या जंतूंसाठी, कॅन्सरसाठी नव्हे.

दुखणं थांबत नाही. आमच्या गावात मॉर्फिन मिळत नाही.

मॉर्फिनच्या गोळ्या कॅन्सरच्या वेदनेवर योग्य आणि स्वस्त औषध आहेत. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत वेदनेसाठी घेतल्या तर व्यसन लागण्याची भीती फार कमी. बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध सोबत घ्यावं लागतं. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, तरी तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते बहुधा नसतंच. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह म्हणजे परिहारक, त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा विभाग आहे. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, त्यांची शाखा गोव्यात लोटलीलाही आहे. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून विनामूल्य सेवा देतं, आणि जखम कशी धुवायची ते घरच्या माणसाला शिकवतं. तिथे जाणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे. केमो चालू असतानाच जा.

माझं ऑपरेशन होऊन दहा वर्षं झाली. अजून लक्ष ठेवायचं?

हो. स्तन आणि मूत्रपिंड यांच्या सेकंडरी दहा वर्षांनंतरही आलेल्या आहेत. रोज धास्तीने चाचपायची गरज नाही. महिन्यातून एकदा, आंघोळीच्या वेळी, साबणाच्या हाताने: व्रण आणि त्याच्या भोवतीची चार बोटं जागा, दोन्ही काखा, गळपट्टीच्या हाडावरचा खळगा, बेंबी, आणि बोटांच्या पेरांनी पूर्ण टाळू. पाठ घरच्या कुणाला बघायला सांगा.

दाखवायला येताना काय आणायचं?

जुनी फाइल. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशननंतरचा तुकड्याचा रिपोर्ट तरी हवाच. मूळ गाठीचे मेणातले ब्लॉक लॅबने दिले असतील तर तेही, नव्या तुकड्याशी ताडून बघता येतात. ऑपरेशन केलेले डॉक्टर तुमची त्वचा रोज बघत नाहीत आणि मला तुमचं ऑपरेशन ठाऊक नसतं. दोन्ही जोडणारे तुम्हीच. कुठल्याही डॉक्टरकडे जा, अगदी खाजेसाठी जा, पहिलं वाक्य ‘मला अमक्या साली अमुक कॅन्सर झाला होता’ हे असू द्या.

त्या नागिणीच्या काकू दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन आल्या. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, रबर लावून, आठ वर्षांचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले होते. ट्रंकेच्या तळाशी ठेवले होते म्हणाल्या, लेकीच्या लग्नाच्या साडीखाली.